सक्तीचे शिक्षण : सक्ती नेमकी कोणावर?

१/ ‘सक्तीचे शिक्षण’ हे शब्द कानी पडले की पालकाच्या मनात पहिली शंका येते ती दंडाची. मूल शाळेत गेले नाही, तर जाब कोणाला विचारला जाणार? या साध्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकभरात जवळजवळ उलटे झाले आहे. ते कसे झाले आणि त्यातून आजच्या पालकाच्या हाती काय आले, याविषयी हा थ्रेड.

२/ आरंभ १८८२ पासून करू. त्या वर्षी हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून उभा राहतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली.

३/ मुलांना शाळेत बसवून शिकवायचे काय, हेही फुल्यांनी सांगितले होते. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. शक्य तेथे शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, असेही त्यांनी सुचवले. म्हणजे सक्ती आणि अभ्यासक्रम हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी एकच होते. जे शिक्षण जगण्याच्या उपयोगी पडणार नाही, त्याची सक्ती रयतेने का सोसावी?

४/ ब्रिटिश सरकारने ही मागणी मनावर घेतली नाही. पाऊल उचलले ते एका संस्थानाने. बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील मोजक्या गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो अनुभव गाठीशी बांधून १९०६ मध्ये सर्व संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा लागू झाला.

५/ बडोद्याचा हा दाखला गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात वारंवार दिला. मार्च १९११ मध्ये त्यांनी विधेयक मांडले. त्यातील योजना अतिशय सावध होती. सहा ते दहा वर्षांची मुले आणि सुरुवातीस केवळ मुलगे. जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच सक्ती. आणि तीही स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर.

६/ एवढे सौम्य विधेयकही टिकले नाही. जनतेतून मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, खर्च झेपणार नाही, असे आक्षेप आले. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. विरोधात मत देणाऱ्यांत सरकारी सदस्यांबरोबर काही हिंदी सदस्यही होते, हे विसरून चालणार नाही.

७/ पाचच वर्षांनी, १९१७ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. सक्ती फक्त पालकावर असून भागत नाही, शाळेवरही असावी लागते, याची जाण या दुसऱ्या हुकमात दिसते.

८/ मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. पुढे १९२३ आणि १९४७ चे प्राथमिक शिक्षण कायदे आले. १९४७ च्या कायद्यातही हजेरीचा हुकूम मोडणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. थोडक्यात, सक्ती म्हणजे पालकावरची सक्ती, हाच या साऱ्या कायद्यांमागचा विचार.

९/ या विचारातली अडचण उघड आहे. ज्या घरात मुलगा गुरे राखतो आणि मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते, तेथे दंडाने मूल शाळेत येईलच असे नाही. घरातला एक रुपया मात्र नक्की कमी होईल. शिवाय गावात शाळाच नसेल किंवा शिक्षकच येत नसेल, तर दंड कोणी भरायचा, याचे उत्तर या कायद्यांत सापडत नाही.

१०/ संविधान सभेतही हा प्रश्न आला. ‘प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे’ असे शब्द मसुद्यात होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी ते वगळण्यात आले आणि हक्काच्या जागी राज्याचा ‘प्रयत्न’ उरला. मात्र शिक्षण केवळ ‘प्राथमिक’पुरते मर्यादित करण्यास डॉ. आंबेडकरांनी नकार दिला. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास संविधान बंदी घालते. मग त्या वयापर्यंत मूल शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

११/ अनुच्छेद ४५ ने दहा वर्षांची मुदत घातली. १९६० उलटले, उद्दिष्ट दूरच राहिले. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

१२/ खरा पालट या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणजे सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी व शिक्षणाची पूर्तता घडवून आणण्याचे सरकारचे बंधन, अशी व्याख्या तेथे दिली आहे. कलम १० नुसार मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे. पण त्यासाठी या कायद्यात दंड सांगितलेला नाही.

१३/ या कायद्याखालील शाळांत पालकाने लक्षात ठेवाव्यात अशा गोष्टी : जन्मदाखला नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशासाठी मुलाची वा पालकाची परीक्षा घेता येत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे लागते.

१४/ अभ्यासक्रम ठरवण्यासाठी कलम २९ ने निकष घालून दिले : संविधानातील मूल्ये, कृतीतून शिकणे, भीतीमुक्त वातावरण आणि शक्य तेथवर मातृभाषेतून अध्यापन. पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी व प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांतील व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेला मिळालेल्या निधीवर लक्ष ठेवणे हेही त्या समितीचे काम. त्या बैठकीला जाणारा पालक उपकार मागायला जात नाही, हिशेब विचारायला जातो.

१५/ दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे फडावर निघतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. जुन्या कायद्याच्या नजरेत हे आईबाप दंडास पात्र ठरले असते. आजच्या कायद्याचे कलम ९ सांगते, की स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश घडवून आणणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. म्हणून फडाच्या कडेला एखादे मूल मोळ्या बांधताना दिसले, तर त्याच्या आईला दोष देण्याआधी त्या प्राधिकरणाला विचारावे : या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे?