माउंट म्हणजे नक्की काय चढवायचं?

लिनक्सवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडताना नवख्या माणसाचा प्रश्न ठरलेला. केबल लावली ना? मग हे माउंट-बिउंट कशाला? प्रश्न रास्त आहे मंडळी, पण उत्तरासाठी थेट १९७१ सालात जावं लागतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं. माउंट त्यात आहे. १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध पेपरात यंत्राचं वर्णन वाचा, म्हणजे कारण कळतं: काढता-घालता येणाऱ्या डिस्कचे चार ड्राइव्ह, प्रत्येकी अडीच एमबी. (हल्ली मोबाइलचा एक फोटोसुद्धा त्यात मावेलच असं नाही!) ही डिस्क माणूस खरोखरच उचलून ड्राइव्हमध्ये चढवायचा. मग युनिक्सला सांगायचा की बाबा रे, चढवली, आता ती अमुक डिरेक्टरीच्या जागी दिसू दे. युनिक्समध्ये सी, डी असे वेगळे ड्राइव्ह नाहीत. फायलींचं झाड एकच, नवी डिस्क म्हणजे त्यावर बांधलेलं कलम. कलम सोडवायची कमांड 'यूमाउंट'. त्यातला 'एन' तेव्हापासून गायब आहे तो आजतागायत. असो.

यूएसबी आलं १९९६ मध्ये. लिनक्सचं २.४ कर्नल जानेवारी २००१ मध्ये यूएसबीसकट बाहेर पडलं. यूएसबी डिस्कशी बोलायला जुन्या स्कझीच्याच कमांड वापरतात, म्हणून तिचं नाव 'एसडीबी' वगैरे येतं. एसडी म्हणजे स्कझी डिस्क. पुढे डेस्कटॉपवाल्यांनी केबल लावताच माउंट आपोआप करून टाकलं आणि ती कमांड पडद्याआड गेली.

यूमाउंट मात्र पडद्याआड ढकलता येत नाही. कारण तुम्ही कॉपी केलेली फाइल आधी रॅममध्ये जाते, डिस्कवर सवडीने. जुन्या युनिक्सवर 'अपडेट' नावाचा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी साठलेलं सगळं डिस्कवर उतरवायचा. लिनक्सचं मूळ सेटिंगही रॅममधला मजकूर साधारण ३० सेकंद जुना झाला की तो लिहायला घ्यायचं! इकडे फाइल मॅनेजरची पट्टी १०० टक्के दाखवते, आणि ते बऱ्याचदा रॅमपुरतंच खरं असतं. त्यावर विसंबून कुणी केबल उपसली की लग्नाचे फोटो अर्धवट. वर फाइलचं नाव दिसतं, आकारही कधीकधी बरोबर दिसतो, त्यामुळे लॅपटॉपवरची मूळ प्रत बिनधास्त डिलीट होते. मला विचाराल तर यात दोष वापरणाऱ्याचा कमी, पट्टीचा जास्त.

तेव्हा टर्मिनलवर 'सिंक' द्या, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा, मग यूमाउंट. 'टार्गेट इज बिझी' आलं तर बहुतेक वेळा तुमचंच एखादं टर्मिनल त्या डिस्कच्या डिरेक्टरीत ठाण मांडून बसलेलं असतं. बसलेली फांदी कापायला लिनक्स नकार देतं, इतकंच. सीडी करून बाहेर या आणि पुन्हा कमांड द्या.