पगार गावाच्या हाती : नागालँडचा प्रयोग

गावाकडे सत्ता सोपवणं म्हटलं की आपण ७३व्या घटनादुरुस्तीचं नाव घेतो. १९९३ साली ती लागू झाली, पण नागालँडला ती लागू नाही. घटनेतच तशी सूट आहे. गंमत अशी की गावाच्या हाती सत्ता म्हणजे काय, हे मी शिकलो ते नागालँडमध्येच.

१९८७ साली मी कॅप्टन होतो, फेक जिल्ह्यात. मागे १९५८ चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, हातात बंदूक. त्या गावापुरती दिल्लीची सत्ता म्हणजे मीच! चौकीखाली सरकारी शाळा होती. कागदावर तीन शिक्षक, वर्गात बहुधा एकही नाही, पगार मात्र दरमहा निघायचे. आमचे एक नायब सुभेदार वेळ मिळेल तसं मुलांना गणित शिकवत. मी गावबुढ्याला, म्हणजे गावच्या मुखियाला, विचारलं, ‘‘तुम्ही जाब का विचारत नाही?’’ लाल शाल सावरत तो म्हणाला, ‘‘साहेब, शाळा सरकारची. आमची असती तर विचारला असता.’’

मला राग आला होता. कारण त्याच गावाची परिषद चोरीचा, जमिनीचा, मारामारीचा निवाडा स्वतः करायची आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. १९६३ साली राज्य झालं तेव्हापासून ३७१-अ कलमानं नागांचा रूढीकायदा आणि जमिनीवरचा हक्क मान्य केलेला आहे. १९७८ च्या कायद्यानं ग्रामपरिषदांनाही मान्यता मिळाली. हुकमत होती, पण ती शाळेच्या दारापाशी थांबत होती.

ती आत नेण्याची सुरुवात फेक जिल्ह्यातच, १९७६ साली केत्सापोमी गावात झाली होती. तिथले उपायुक्त होते अच्युत माधव गोखले. (हो, आपलेच गोखले!) त्यांनी ग्रामविकास मंडळ उभं केलं : निधी गावाकडे द्यायचा, कामं गावानं ठरवायची, गावानं स्वतःची वर्गणीही घालायची. १९८० मध्ये ही पद्धत राज्यभर गेली. गोखल्यांना १९९० साली पद्मश्री मिळाली, पण महाराष्ट्रात त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

पुढचं पाऊल २००२ चं. एस. सी. जमीर मुख्यमंत्री आणि राघव शरण पांडे मुख्य सचिव असताना सार्वजनिक संस्था लोकांकडे सोपवण्याचा कायदा झाला. शाळा, दवाखाना, वीज यांसाठी गावाच्या समित्या आल्या. शिक्षकाचा पगार समितीच्या खात्यावर येऊ लागला. काम नाही तर दाम नाही, आणि कापलेली रक्कम सरकारी तिजोरीत परत न जाता शाळेसाठीच वापरायची. ही शेवटची अट मला सगळ्यात हुशारीची वाटते. समितीला पगार कापण्याचा अधिकार दिला आणि कापलेला पैसा राजधानीत गेला, तर शेजाऱ्याशी वैर कोण घेईल? २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या प्रयोगाला पुरस्कार दिला.

सगळं गोड झालं असं मात्र सांगणार नाही. समितीचा अध्यक्ष आणि गैरहजर शिक्षक एकाच खेलचे, म्हणजे गावातल्या एकाच वाड्याचे असले, की कात्री बोथट होते, हे मी ऐकलंय. आणि बायकांचं काय? ग्रामविकास मंडळात एक चतुर्थांश जागा त्यांच्या, पण ग्रामपरिषद पुरुषांचीच राहिली. नगरपालिकांत ३३ टक्के राखीव जागांना २०१७ मध्ये ३७१-अ कलमाचा आणि रूढीचा हवाला देऊन एवढा विरोध झाला की माणसं मेली, कोहिमात सरकारी इमारती जळाल्या. वीस वर्षं अडलेल्या निवडणुका अखेर जून २०२४ मध्ये झाल्या. ज्या रूढीच्या बळावर शिक्षक ताळ्यावर आला, तिनंच बायकांची वाट अडवली. फौजी माणूस मी. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

२००९ साली निवृत्तीपूर्वी मी त्या गावात पुन्हा गेलो. शाळेत शिक्षक होते. समितीची बैठक चालू होती. अध्यक्षांनी मला मानानं बसवलं आणि कापलेल्या पगारातून घेतलेल्या बाकांचा हिशेब वाचून दाखवला. एका ठिकाणी अडखळले. मागच्या बाकावरून एका बाईनं हळू आवाजात आकडा सांगितला. वही तिनंच लिहिलेली होती.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.