ठिपक्यांआडचा परवलीचा शब्द

संगणकाला परवलीचा शब्द जोडला गेला तो १९६०च्या दशकाच्या आरंभी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने एकच संगणक अनेकांना वापरता येईल अशी व्यवस्था केली. प्रत्येकाच्या फायली खासगी राहाव्यात, म्हणून हा शब्द आला. पण १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर यांनी संगणकावर जादा वेळ मिळावा म्हणून सर्वांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली!

पुढे १९९५ मध्ये एचटीएमएल २.० या प्रमाणकात वेबपानावरील अर्जासाठी पासवर्डचा खास रकाना नमूद झाला. त्यात टाइप केलेली अक्षरे झाकली जातात. मात्र ही झाकण शेजाऱ्याच्या नजरेपुरतीच. वाटेत शब्दाचे रक्षण करते ते सांकेतिकीकरण. आणि मुक्कामी यादी उघडी पडली असेल, तर शेर यांचीच गोष्ट पुन्हा घडते.