पडद्यावरचा खिन्न मुलगा आणि त्याचे घर

१९५५ साली निकोलस रे यांचा ‘रिबेल विदाउट अ कॉज’ अमेरिकेत झळकला. त्यातला मुलगा घुसमटतो, आक्रोश करतो. पण त्याच्या दुखण्याला आजार म्हणण्याचे कोणास सुचत नाही. दोष बापाचा, कारण तो झालरीचा एप्रन बांधून बायकोसाठी ताट नेतो! त्या काळचे निदानच असे होते.

पुढची पायरी यायला पंचवीस वर्षे लागली. ज्यूडिथ गेस्ट यांच्या १९७६ च्या कादंबरीवरून रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९८० मध्ये ‘ऑर्डिनरी पीपल’ काढला. शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टमधील सुखवस्तू कुटुंब. थोरला मुलगा बक वादळात नाव उलटून बुडालेला. धाकटा कॉनरड वाचलेला. आपण वाचलो, हाच जणू त्याचा अपराध. जीव देण्याचा प्रयत्न करून, चार महिने इस्पितळात काढून तो घरी परतला आहे.

आणि घर काय करते? आई न्याहारी वाढते. मुलगा खात नाही असे दिसताच बशी उचलून पदार्थ टाकून देते. रागावत नाही, विचारतही नाही. बाप कॅल्व्हिन विचारतो, फार विचारतो. पण खरे उत्तर ऐकण्याची त्याची छाती होत नाही. मुलगा डॉक्टरकडे जातो हे तो एका मेजवानीत बोलून जातो, तेव्हा पत्नी दुखावते : घरची गोष्ट चारचौघांत गेली! आपल्या वाड्यांतून आणि सोसायट्यांतून हे कोणाला परके वाटेल?

त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या रोगवर्गीकरणाची तिसरी आवृत्ती निघाली. मुलांच्या खिन्नतेलाही प्रौढांचेच मुख्य निकष तिने लावले. अपरिपक्व मनाला खरी विषण्णता होतच नाही, असे मानणारा पंथ तोवर प्रबळ होता.

मला एक गोष्ट मात्र खटकते. कॉनरडला डॉक्टर बर्जर भेटतो, बापाला शहाणपण येते, आणि आई बेथ घर सोडून जाते. बर्जरकडे यायचे तिने नाकारले, हे खरे. पण मुलगा तिचाही बुडाला होता. एप्रनवाल्या बापाची जागा येथे थंड आईने घेतली, एवढेच.

आपल्याकडे सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले. त्यातला खचलेला तरुण कोकणच्या किनाऱ्यावर सावरू लागतो तो परक्यांच्या घरी. त्याला आसरा देणारी जानकी स्वतः त्याच दुखण्यातून गेलेली आहे.