नदीपलीकडे नेलेले देव



आपण घर बदलतो तेव्हा देव्हाऱ्यातले देव आधी हलवतो. पण अख्ख्या गावावर आपला ग्रामदेव घेऊन नदी ओलांडायची पाळी आली तर? सोळाव्या शतकात गोव्यात तसेच घडले.

1510 साली पोर्तुगीजांनी तिसवाडी बेट जिंकले. 1543 साली सासष्टी आणि बारदेश त्यांच्या हाती आले. पुढे देवळे पाडण्याचे हुकूम सुटले. 1560 साली ‘इन्क्विझिशन’ म्हणजे धर्मन्यायालय बसले. उघड पूजा करणे, आपल्या रीतीने लग्न लावणे, हाही गुन्हा ठरला.

धर्म सोडा, नाहीतर गाव सोडा! गाव सोडणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला का सांगायला हवे? खाडीच्या खाऱ्या पाण्याशी झुंजून, बांध घालून राखलेली खाजणे, वाडवडिलांनी लावलेले माड, सारे मागे टाकायचे. कित्येक कुटुंबे दुभंगली. कोणी निघून गेले, कोणी जमिनीपाशी राहिले आणि ख्रिस्ती झाले.

जे गेले त्यांनी देव बरोबर नेले. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 साली जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. ही सारी ठिकाणे फोंडा भागातली, आणि हा मुलूख तेव्हा होता विजापूरच्या आदिलशहाच्या अंमलाखाली. म्हणजे हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यात! एक धर्म दुसऱ्याचा वैरीच असतो, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आणि मागे राहिलेल्यांचे काय? सासष्टीतल्या कुंकळ्ळी गावची देवी अशीच फातर्प्याला गेली. पण नाव राहिले ‘कुंकळ्ळीकरीण’. आजही दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या घेऊन, गुलाल उधळीत देवी जुन्या गावी येते. त्या मिरवणुकीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरीही सामील होतात. देव वेगळे झाले, तरी गावकी तुटली नाही.

गुरुजी, उद्या वर्गात गोव्याचा नकाशा लावा आणि मुलांना जुवारी नदी दाखवा. त्यांना सांगा, माणसाला श्रद्धेसाठी घर सोडावे लागू नये, हे राज्याचे पहिले कर्तव्य. आणि आलेल्याला दार उघडणे, हे शेजाऱ्याचे.