शस्त्रक्रियेपूर्वींची रक्तवृद्धि

मीरा-भाईंदरच्या मिठागरांकाठच्या वस्तींतून साठी उलटलेला एखादा गृहस्थ प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग काढून घेण्यासाठीं परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतो, तेव्हां शस्त्राआधीं त्याचें रक्त तपासलें जातें. पुरुषाच्या रक्तांत दर डेसिलिटरला १३ ग्रॅमहून कमी हिमोग्लोबिन असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. ती उणीव शक्यतों आधीं भरून काढावी लागते. हें रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. त्याच्या शेजारची हाफकिन संस्था त्याहून जुनी, आणि रक्तवृद्धीच्या विद्येंतील एक मोठा शोध तेथें लागला, हें त्या रस्त्यानें जाणाऱ्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

१९२८ सालीं लुसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. गिरणगांवांतील गरीब गरोदर स्त्रियांना एका विलक्षण रक्तक्षयानें ग्रासलें होतें. तांबड्या पेशी आकारानें मोठ्या, पण संख्येनें अगदीं थोड्या. कित्येकी बाळंतपणांतच दगावत. जंतूंचा संशय फोल ठरला. मग विल्सबाई आणि मेहता व तळपदे हे त्यांचे सहकारी या स्त्रियांच्या ताटाकडे वळले. तेथें भाजीपाला आणि फळें यांची वानवा होती. यकृताचा उपचार १९२६ पासून प्रसिद्ध होता, पण तो महाग. बीअर गाळून उरलेल्या यीस्टचा मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क मात्र आधीं माकडांस आणि मग रुग्णांस लागू पडला. १९३१ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पावाला मार्माइट फांसणाऱ्या इंग्रज घरांना त्याची ही थोरवी बहुधा कळलीच नसेल! त्यांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४५ सालीं अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें सिद्ध झालें. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

प्रोस्टेटच्या रोग्याची अडचण अधिक गुंतागुंतीची असते. पुरुषत्वाचें संप्रेरक तांबड्या पेशींस पोषक असतें, आणि हा कर्करोगहि त्यावरच पोसतो. म्हणून तें दाबण्याचीं औषधें दिलीं कीं गांठ आटोक्यांत येते, पण रक्तहि उणें होतें. पेशी घडविण्याचा हुकूम मूत्रपिंडांतून सुटतो, तो एरिथ्रोपोएटिन या दुसऱ्या संप्रेरकाच्या द्वारें. १९७७ सालीं मियाके व गोल्डवासर यांनीं २,५५० लिटर मूत्रांतून तें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. १९८९ सालीं अमेरिकेंत त्याच्या कृत्रिम रूपास औषध म्हणून मान्यता मिळाली. त्या काळीं प्रोस्टेट काढतांना रक्त फार वाही, आणि एड्सच्या भीतीनें परक्याचें रक्त नकोसें झालें होतें. म्हणून रोग्याचेंच रक्त आधीं काढून सांठवावें, किंवा हें संप्रेरक टोंचून रक्त वाढवावें, असे प्रयोग झाले. ही युक्ति मोठी मोहक होती. परंतु २००७ सालीं अमेरिकन नियामकांनीं इशारा दिला कीं, कर्करोग्यांत या औषधानें गांठ बळावण्याचा व रक्त गोठण्याचा धोका संभवतो. पुढें शस्त्रकौशल्य सुधारून रक्तस्रावहि पुष्कळ उणावला.

त्यामुळें आतां पुन्हां विल्सबाईंचाच प्रश्न आधीं विचारला जातो: उणीव नेमकी कशाची? लोहाची, फॉलिक आम्लाची, कीं बी-१२ जीवनसत्त्वाची? कीं आंतड्यांतून रक्त झिरपत आहे? उणीव लोहाची असेल तर गोळ्यांनीं रक्त भरण्यास कांहीं आठवडे लागतात. शिरेंतून दिलेलें लोह त्याहून लवकर कामीं येतें. निकड नसेल तर शस्त्रक्रियेचा दिवस त्याच हिशेबानें नेमतात.