रिकिबीची वादी आणि सायकलची नळी

श्रीगोंदे हे शिंद्यांच्या वाड्यांचे गाव. तेथील इतिहास सांगू लागले की पागा, घोडी आणि मोहिमा ओघाने येतातच. सायकलचे नाव मात्र त्यात कोणी घेत नाही. आम्हांस या दोन वाहनांची तुलना उद्बोधक वाटते. घोडा परमुलखातला असला तरी रिकिबीची वादी स्वाराच्या पायाप्रमाणे लांब-आखूड करून घेता येई. सायकलची फ्रेम एकदा झाळली की झाळली. पुढे स्वारानेच तिच्या मापाचे व्हावयाचे!

मूळची रीत अशी नव्हती. पुढचे चाक प्रचंड असलेल्या जुन्या सायकलीत पायडले त्या चाकाच्या आसालाच जोडलेली असत. म्हणून पाय जितका लांब तितके चाक मोठे घ्यावे लागे. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' आली, साखळीने मागचे चाक फिरू लागले आणि हा संबंध सुटला. मापाचा भार सीटखालच्या नळीवर आला. क्रँकच्या आसाच्या मध्यापासून त्या नळीच्या माथ्यापर्यंतचे अंतर, तेच दुकानदाराचे 'बावीस इंची' व 'चोवीस इंची'.

यानंतर तीनच वर्षांनी, 1888 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईहून पाठविलेल्या सायकली त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावास विकू लागले. माल विलायती, अर्थात मापही विलायती.

थोडा हिशेब करून पाहू. अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकलीत क्रँकचा आस जमिनीपासून सुमारे 12 इंचांवर असतो. बावीस इंची नळी मागे कललेली, म्हणून तिची उभी उंची 20 इंचांच्या आसपास. म्हणजे आडवी दांडी सुमारे 32 इंचांवर आली. सव्वापाच फूट उंचीच्या आपल्याकडील गृहस्थाचा पाय आतील बाजूने फार तर 30 इंच भरेल. तेव्हा दांडीच्या दोहों बाजूंस पाय टेकून स्वस्थ उभे राहणे त्यास अशक्यच. बैठकीचे गणित निराळे. हॅम्ली व थॉमस यांनी 1967 मध्ये दाखविले की, खालच्या पायडलपासून सीटपर्यंतचे अंतर पायाच्या लांबीच्या 109 टक्के असावे. आमच्या गृहस्थास ते पावणेतेहतीस इंच होते. बावीस इंची फ्रेमवर सीट पार खाली बसविली तर जेमतेम जुळते, चोवीस इंचीवर जुळत नाही.

एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. कललेली नळी आणि पुढे वाकलेला चिमटा धक्के गिळतात; घोड आणि भीमा यांच्या मधल्या गाडीवाटांवर हा लाभ लहान नव्हे.

खरी अडचण त्या आडव्या दांडीने घरातच केली. सायकल घरात एक, ती कर्त्या पुरुषाच्या मापाची. मुलगा दांडीखालून पाय घालून, अंग वाकडे करून अर्ध्या पायडलवर ती रेटी. लुगडे नेसलेल्या स्त्रीला तेही साधण्यासारखे नव्हते. दांडीविरहित फ्रेम विलायतेत केव्हाच निघाली होती, परंतु दुसऱ्या सायकलीस पैसा कोठून आणावा?

याच किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर केला तो येथील काळी माती आणि येथील बैल ध्यानी धरून. सायकलच्या वाट्यास तसे भाग्य आले नाही. 1949 मध्ये मद्रासेस टी. आय. सायकल्सचा कारखाना इंग्रजी कंपनीच्या भागीदारीने निघाला, तरी रस्त्यावरच्या साध्या काळ्या सायकलीची मापे बावीस आणि चोवीस हीच राहिली. आणि गिऱ्हाईक ठेंगणे असले की दुकानदार पान्याने सीट आणखी खाली ठोकून देई.